‘पाठवा’ दाबण्याआधी

वेबपानावरच्या रकान्यात आपण काही लिहितो, तेव्हा तो मजकूर नेमका कोणत्या क्षणी आपल्या हातून सुटून समोरच्याच्या सर्व्हरवर जातो? बहुतेक माणसे याचे उत्तर न अडखळता देतील: खालचे ‘पाठवा’ हे बटण दाबल्यावर. वेबच्या सुरुवातीच्या वर्षांत हे उत्तर जवळजवळ नेहमीच बरोबर असे. आज ते चुकीचे असू शकते, आणि एखाद्या पानाच्या बाबतीत ते बरोबर आहे की चूक हे कळण्याचा कोणताही साधा मार्ग लिहिणाऱ्यापाशी नसतो. माझे म्हणणे असे की या एका बाबतीत तरी वेबने जुन्या रीतीकडे परत जायला हवे. माणसाने पाठवायला सांगितल्याशिवाय त्याने लिहिलेले ब्राउझरच्या बाहेर पडू नये. पडायचेच असेल तर ते त्याला समोर दिसत असलेल्या आणि त्यालाच हव्या असलेल्या कामासाठी पडावे, आणि ते काम संपताच विसरले जावे. हा नियम पाळण्याची पहिली जबाबदारी ब्राउझर बनवणाऱ्यांची किंवा कायदा करणाऱ्यांची नाही. सर्व्हरवर बसून ती माहिती स्वीकारणारे पान जे लिहितात आणि लिहून घेतात, त्यांची ती आहे.

नोव्हेंबर १९९५ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी १८६६ या क्रमांकाने एचटीएमएलची, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या भाषेची, दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि फॉर्म कसा चालावा हे तिच्यात लिहून ठेवले गेले. रकान्यांना नावे असतात, माणूस त्यांत मूल्ये भरतो, बटण दाबतो, ब्राउझर नावे आणि मूल्ये यांच्या जोड्या बांधून ठरलेल्या पत्त्यावर पाठवतो आणि सर्व्हरकडून आलेले नवे पान दाखवतो. या पद्धतीत सगळे पान पुसले जाऊन पुन्हा उमटत असे, त्याला वेळ लागे, आणि वापरणारे त्याला कंटाळत. पण त्या कंटाळवाण्या पद्धतीत एक गुण होता, जो त्या काळी कोणी मुद्दाम ठेवला नव्हता: माहिती पाठवणे ही दिसणारी घटना होती. पान बदलले म्हणजे मजकूर गेला, आणि बदलले नाही म्हणजे तो अजून आपल्यापाशीच आहे, एवढे कोणालाही समजत असे.

त्याच वर्षी नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आली, म्हणजे पानासोबत येऊन ब्राउझरमध्येच चालणारे छोटे प्रोग्राम, अर्थात स्क्रिप्ट, लिहिण्याची भाषा. सुरुवातीला तिचा उपयोग बराचसा रकाने तपासण्यासाठी होई, म्हणजे ईमेलमध्ये ‘ॲट’चे चिन्ह नसेल तर तिथल्या तिथे सांगायचे, सर्व्हरपर्यंत फेरी घालायची नाही. गुपचूप पाठवण्याची सोय तेव्हाही शोधून काढता येत होती. एखाद्या न दिसणाऱ्या चित्राच्या पत्त्याला शेपटीसारखी माहिती जोडली की ते चित्र मागवताना ती सर्व्हरवर पोहोचते. मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीने पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याची रीतसर सोय दिली. ती मायक्रोसॉफ्टच्या वेबवरच्या आउटलुकसाठी तयार झाली होती, आणि पुढे इतर ब्राउझरांनी ती ‘एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट’ या नावाने उचलली. २००४ मध्ये जीमेल आले, २००५ च्या फेब्रुवारीत गुगल मॅप्स आले, आणि त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला ‘अजॅक्स’ हे नाव दिले. मग त्याच कामासाठी ‘फेच’ ही नवी सोय आली. ‘सेंडबीकन’ही आले, आणि त्याचा हेतूच असा की पान बंद होत असताना शेवटची माहिती सर्व्हरकडे ढकलून द्यायची आणि उत्तरासाठी थांबायचे नाही.

या सगळ्यामुळे वेब वापरण्याजोगी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. नकाशा सरकवताना पान पुसले जात नाही, पत्र लिहिताना मसुदा आपोआप जतन होतो, शोधायचा शब्द अर्धा लिहिला की सूचना दिसतात. अजॅक्सला दोष देणारे लेख मी वाचले आहेत आणि ते मला पटलेले नाहीत. माहिती कोणत्या साधनाने जाते याला फारसे महत्त्व नाही. ती कोणाच्या सांगण्यावरून जाते, एवढाच प्रश्न आहे.

यंत्रणा जवळून पाहिली तर अडचण स्पष्ट दिसते. नोंदणीच्या एका साध्या पानावर ईमेलचा रकाना आहे. माणूस त्यात पत्ता लिहितो आणि पुढच्या रकान्यात जातो. आधीच्या रकान्यावरून कर्सर हलला, ही घटना ब्राउझर स्क्रिप्टला कळवतो. स्क्रिप्ट रकान्यातले मूल्य वाचते, जेसन या माहिती मांडण्याच्या साच्यात त्याचा एक छोटा तुकडा बनवते आणि पोस्ट पद्धतीने, म्हणजे पत्त्यात न घालता विनंतीच्या पोटात, सर्व्हरवर रवाना करते. पलीकडचे पान पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत लिहिलेले असेल तर त्याला एवढाच फरक दिसतो की नेहमीच्या फॉर्मची मूल्ये आयती ‘पोस्ट’च्या यादीत मिळतात, तर जेसन असल्यास कच्चा मजकूर स्वतः वाचून उलगडावा लागतो. माणूस ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण, म्हणजे कुकी, तीच, माणूस तोच, पत्ता तोच. त्या विनंतीमागे बटण दाबणारे बोट होते की नुसता हललेला कर्सर, हे त्या मजकुरात कुठेच लिहिलेले नसते. प्रोग्रामरने मुद्दाम वेगळी वाट ठेवली नसेल, तर सांगून दिलेली माहिती आणि नुसती लिहून पाहिलेली माहिती टेबलाच्या एकाच ओळीत जाऊन बसते, आणि एकदा बसली की दोहोंत भेद करणे पुढे कोणालाच शक्य होत नाही.

हे क्वचित घडत असेल असे वाटत असेल तर २०२२ च्या युझेनिक्स या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत मांडला गेलेला एक अभ्यास पाहावा. संशोधकांनी सर्वाधिक भेटी मिळणाऱ्या १ लाख संकेतस्थळांवर फॉर्म भरले, पण पाठवले नाहीत. युरोपातून पाहिले असता १,८४४ आणि अमेरिकेतून पाहिले असता २,९५० संकेतस्थळांवर ईमेलचा पत्ता बटण दाबण्याआधीच, संमती न घेता, माग काढणाऱ्या कंपन्यांच्या डोमेनकडे, म्हणजे त्यांच्या वेबपत्त्यांकडे, गेला होता. ५२ ठिकाणी तर वापरणाऱ्याच्या हालचाली टिपणाऱ्या स्क्रिप्टांनी पासवर्डही उचलला होता. तो कोणी ठरवून नेला नव्हता. पानावरचे सगळेच टिपून घेणाऱ्या स्क्रिप्टच्या झोळीत तोही आला. मला हा तपशील आकड्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो. कोणाचाही वाईट हेतू नसताना पासवर्ड तिसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊन पडतो, याचा अर्थ न मागता घेणे हाच त्या व्यवस्थेचा मूळ स्वभाव झाला आहे.

न पाठवलेल्या मजकुराला किती मोल असते, हे कंपन्यांना फार आधी कळले होते. फेसबुकच्या ३९ लाख वापरकर्त्यांचा १७ दिवसांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७१ टक्के लोकांनी एकदा तरी काहीतरी लिहून ते टाकायचे रद्द केले असे आढळले. त्या अभ्यासात मजकूर सर्व्हरवर घेतला नव्हता, लिहिले गेले की नाही एवढीच नोंद घेतली होती, आणि अभ्यासकांनी तसे स्पष्ट सांगितले होते. त्यांचा संयम खरा आहे. पण मजकूर घेण्यात तांत्रिक अडचण कोणतीच नव्हती. घेतला नाही, कारण न घेण्याचे त्यांनी ठरवले. लिहिणाऱ्याचे संरक्षण दुसऱ्या कोणाच्या मर्जीवर उभे असणे, हीच तर माझी तक्रार आहे.

खोडलेला मजकूर किती नाजूक असू शकतो, हे तक्रारीच्या फॉर्मवरून समजते. एखादी कर्मचारी आपल्या वरिष्ठाच्या गैरवर्तनाची तक्रार लिहायला बसते. ती आधी स्वतःचे नाव लिहिते, त्याचे नाव लिहिते, काय घडले ते सविस्तर मांडते, मग घाबरते, दोन्ही नावे पुसून टाकते, ‘नाव गुप्त ठेवावे’ या चौकोनात खूण करते आणि सौम्य केलेली तक्रार पाठवते. त्या पानावरची स्क्रिप्ट दर पाच सेकंदांनी मसुदा सर्व्हरवर नेत असेल आणि सर्व्हर प्रत्येक मसुदा जपून ठेवत असेल, तर तिच्या गुप्ततेला काय अर्थ उरला? पुसलेली दोन्ही नावे वेळेच्या नोंदीसह डेटाबेसमध्ये आहेत, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाताखालचा तंत्रज्ञ ती वाचू शकतो. इथे कोणी काही चोरलेले नाही. मसुदा जतन करणे ही सोय म्हणूनच लिहिली गेली होती, आणि लिहिणाऱ्याने ती चांगल्या मनाने लिहिली असणार. वैद्यकीय प्रश्नावली, कर्जाचा अर्ज, मदतीसाठी मारलेली हाक, या सर्व ठिकाणी माणूस लिहिता लिहिता विचार करतो आणि विचार बदलतो. शेवटी उरलेला मजकूर तेवढाच त्याचे निवेदन असतो.

यावर पहिला आक्षेप अर्थातच सोयीचा येतो, आणि तो वजनदार आहे. लांबलचक अर्ज भरताना वीज गेली किंवा नेटवर्क तुटले आणि सगळे वाहून गेले, तर माणूस तुमच्या तत्त्वांना काय करील? खरे आहे. पण मसुदा वाचवण्यासाठी तो सर्व्हरवरच न्यावा लागतो असे नाही. ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात तो ठेवता येतो, आणि बऱ्याच अर्जांना तेवढे पुरते. संगणक अनेकांचा मिळून असेल तर तो साठाही धोक्याचा, हे मान्य. तिथे मसुदा न ठेवणेच बरे. एका यंत्रावर सुरू केलेला अर्ज दुसऱ्या यंत्रावर पुरा करायचा असेल, तर मसुदा सर्व्हरवर जाऊ द्यावा, पण तसे आधी विचारावे, ‘मसुदा जतन झाला’ असे पानावर दिसावे, तो पुसण्याचे बटण शेजारीच असावे, आणि नव्या मसुद्याने जुन्याची जागा घ्यावी, त्यांचा इतिहास साचू नये. शोधाच्या सूचनांचेही तसेच. अर्धा शब्द सर्व्हरवर गेल्याशिवाय सूचना येणार नाहीत, हे वापरणाऱ्याला सूचना दिसताच उमगते, आणि त्यात फसवणूक नाही. तोच अर्धा शब्द त्याच्या नावानिशी वर्षभर साठवणे हे मात्र वेगळे कृत्य आहे, आणि सूचनांच्या सोयीचे कारण त्याला लागू पडत नाही. वापरकर्त्याचे नाव उपलब्ध आहे का, याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. ते दिल्यावर तपासलेल्या नावांची यादी ठेवण्याचे काहीच प्रयोजन नाही.

दुसरा आक्षेप व्यापाराचा. अर्धवट सोडलेल्या फॉर्मवरून ईमेल मिळाला तर ग्राहकाला आठवण करता येते, त्याचाही फायदा होतो, असे विक्री विभाग सांगतो. मला हा युक्तिवाद अजिबात पटत नाही. पान बंद करून जाणे हेही उत्तरच आहे. गरजेची आठवण हवी असणाऱ्यासाठी ‘मला नंतर कळवा’ असे बटण ठेवायला कोणाची हरकत आहे? ते ठेवले जात नाही, कारण ते फार थोडे लोक दाबतील हे सर्वांना ठाऊक आहे.

फसवणूक ओळखण्यासाठी लिहिण्याची लय टिपावी लागते, असेही सांगितले जाते. पैशांच्या व्यवहारात ते समजण्यासारखे आहे. पण लयीसाठी दोन कळांमधला वेळ पुरतो, कळा कोणत्या होत्या ते लागत नाही.

‘हे सारे आमच्या गोपनीयता धोरणात लिहिले आहे’ हा बचाव तर ते धोरण लिहिणाऱ्यालाही खरा वाटत नसावा. फॉर्मच्या तळाशी ‘पाठवा’ असे बटण ठेवणे हेच एक आश्वासन आहे, आणि ते कोणत्याही धोरणापेक्षा ठळक अक्षरांत समोर दिसते. दुसऱ्या कुठल्या पानावर सतराव्या परिच्छेदात ते मागे घेता येत नाही.

तांत्रिक बाजूला एक गैरसमज पुरेसा पसरलेला आहे, तो दूर करणे भाग आहे. ब्राउझरमधला ‘समान उगम’ नियम एका संकेतस्थळाच्या स्क्रिप्टला दुसऱ्याशी बोलू देत नाही, म्हणून माहिती बाहेर जाण्याची भीती नाही, असे पुष्कळ प्रोग्रामर समजतात. तो नियम मुख्यतः दुसऱ्या सर्व्हरचे उत्तर वाचायला आडकाठी करतो. माहिती तिकडे पाठवण्याला तो सहसा अडवत नाही, आणि चोराला उत्तराची गरज नसते. शिवाय बाहेरून आणून पानात बसवलेली प्रत्येक स्क्रिप्ट, मग ती भेटी मोजणारी असो की जाहिरातीची, पानाच्या मालकाच्या स्क्रिप्टइतक्याच अधिकाराने चालते आणि सगळे रकाने वाचू शकते. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर असेच झाले. हल्लेखोरांनी तिथल्या एका स्क्रिप्टमध्ये सुमारे २२ ओळी घुसवल्या. ग्राहकाने पैसे भरण्याचे बटण दाबले की कार्डाचे तपशील कंपनीकडे जात आणि त्याच क्षणी कंपनीच्या नावाशी मिळत्याजुळत्या एका दुसऱ्या डोमेनवरही जात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला. गुन्हा हल्लेखोरांचा होता, दंड पानाच्या मालकाला झाला, आणि तो योग्यच होता: आपल्या पानावरून माहिती कुठे जाऊ शकते हे मालकाने ठरवायचे असते. ते ठरवण्याचे साधन ब्राउझर फुकट देतात. ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ या शीर्षकात, म्हणजे पानासोबत सर्व्हरने ब्राउझरला पाठवलेल्या सूचनेच्या ओळीत, स्क्रिप्टांना कोणत्या पत्त्यांशी जोडणी करता येईल, चित्रे कुठून मागवता येतील आणि फॉर्म कुठे पाठवता येईल, याच्या याद्या देता येतात, आणि यादीबाहेरचा पत्ता ब्राउझर अडवतो.

मग ब्राउझरनेच आणखी पुढे जाऊन बटण दाबल्याशिवाय काही पाठवू नये, असे का करू नये? याला आधारही आहे. माणसाने क्लिक केल्याशिवाय नवी खिडकी उघडू द्यायची नाही, पान पूर्ण पडदाभर करू द्यायचे नाही, हे ब्राउझर फार दिवसांपासून पाळतात; २०१८ पासून क्रोम आपोआप वाजणाऱ्या आवाजालाही बहुतेक ठिकाणी अडवतो. कानाला त्रास होऊ नये म्हणून माणसाच्या कृतीची अट आहे आणि त्याचा पत्ता नेण्यासाठी नाही, हा प्राधान्यक्रम चमत्कारिक आहे. काही ब्राउझर तर पान बदलणाऱ्या विनंतीसोबत ‘सेक-फेच-युजर’ या शीर्षकातून ती माणसाच्या कृतीने निघाली का हे सर्व्हरला सांगतातही. पण स्क्रिप्टने केलेल्या ‘फेच’सोबत हे शीर्षक येत नाही, आणि आज असंख्य पाने खरे बटण दाबल्यावरही ‘फेच’च वापरतात, त्यामुळे त्यावर सगळा भार टाकता येत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की स्क्रिप्टला एकदा मूल्य वाचता आले की ती त्याचे रूप बदलू शकते, तुकडे करू शकते, पुढच्या क्लिकपर्यंत थांबू शकते. ब्राउझरने मदत जरूर करावी. पण सर्व्हरकडे कोण काय मागतो, यावर शेवटचा शब्द सर्व्हर लिहिणाऱ्याचाच राहतो.

आणि तो शब्द उच्चारणे अवघड नाही. मसुद्याची वाट आणि पाठवलेल्या अर्जाची वाट सर्व्हरवर वेगळी असावी, वेगळ्या टेबलात उतरावी, आणि मसुद्याच्या टेबलाला विक्री विभागाचा हात पोहोचू नये. सर्व्हरवरच्या पानाने आपण मागितलेल्या रकान्यांची नावे लिहून ठेवावीत आणि त्यांखेरीज जे येईल ते टाकून द्यावे. आलेला मजकूर नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, जसाच्या तसा छापला जातो का हेही पाहावे. टेबलातून पुसलेले तिथे वर्षानुवर्षे पडून असते. वैयक्तिक माहिती गेट पद्धतीने, म्हणजे पानाच्या पत्त्यातच घालून, तर कधीच पाठवू नये, कारण पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो आणि वाटेतल्या प्रत्येक लॉगमध्येही. ‘आम्ही ईमेल नेत नाही, त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेली सांकेतिक खूण, नेतो’ या उत्तराने कोणी समाधान मानू नये. एका पत्त्याचा हॅश सगळीकडे एकच निघतो, आणि ज्याच्यापाशी पत्त्यांची यादी आहे त्याला त्यावरून माणूस ओळखता येतो. जाहिरातवाले तो मागतात तेही त्यासाठीच.

वेबसाइट बनवून घेणाऱ्या संस्थांनी, विशेषतः ज्यांच्या फॉर्मशिवाय लोकांचे काम अडते अशांनी, पान ताब्यात घेण्याआधी एक चाचणी मागावी. प्रत्येक रकान्यात दुसरीकडे कुठेही न आढळणारा खुणेचा मजकूर भरायचा, बटण दाबायचे नाही, काही पुसायचे, काही तसेच ठेवायचे आणि पान बंद करायचे. मग ब्राउझरमधून बाहेर पडलेली प्रत्येक विनंती, सर्व्हरचे लॉग आणि डेटाबेस यांत तो मजकूर शोधायचा. साधाच नव्हे, तर त्याचा हॅश आणि बेस-६४ हे वेगळ्या अक्षरांत लिहिलेले रूपही. जिथे तो सापडेल तिथे पानावरच्या कोणत्या दिसणाऱ्या कामासाठी तो गेला, याचे लेखी उत्तर बनवणाऱ्याने द्यावे. उत्तर नसेल तर ती स्क्रिप्ट काढून टाकल्याशिवाय पान प्रकाशित होऊ नये, आणि नवी स्क्रिप्ट बसवली की चाचणी पुन्हा व्हावी, मग ती बसवण्याची मागणी कोणत्याही विभागाकडून आलेली असो.